आळ आणि निदान : मुंब्र्यातली एक गाठ आणि तिच्यामागचा इतिहास

१/
ठाण्याहून कल्याणकडे निघालेली धीमी लोकल पारसिकच्या डोंगराला वळसा घालून, खाडीच्या कडेने मुंब्र्यात शिरते. याच मुंब्र्यात जुलै २०१७ मध्ये एक मुलगा जन्मला. गरोदरपणाच्या शेवटच्या टप्प्यातील सोनोग्राफीत त्याच्या पोटात एक गाठ दिसली होती आणि त्या गाठीत हाडे असल्याच्या खुणा होत्या. जन्मानंतर काही दिवसांतच ठाण्यात शस्त्रक्रिया झाली आणि गाठ बाहेर निघाली. हातापायांसारखे अवयव असलेले, अर्धवट वाढलेले असे ते त्याचेच जुळे भावंड होते.

२/
वैद्यकशास्त्रात या अवस्थेला ‘फीटस इन फीटू’ म्हणतात. मराठीत ‘गर्भातला गर्भ’ म्हणता येईल. साधारणपणे पाच लाख जन्मांमागे एक, असे तिचे प्रमाण सांगितले जाते. वृत्तपत्रांत ‘बाळाच्या पोटात बाळ’ असे मथळे झळकले आणि दोन दिवसांत विषय मागे पडला. इतिहासाच्या दृष्टीने मात्र खरा प्रश्न पुढेच आहे. अशी गाठ ओळखायला माणूस कसा शिकला? आणि ओळखता येत नव्हती तेव्हा तिचा दोष कोणाच्या माथी मारला जात होता? या धाग्यात या दोन प्रश्नांचा एकत्र मागोवा घेऊ.

३/
सुरुवात आपल्याकडच्या ग्रंथांपासून करू. सुश्रुतसंहितेच्या निदानस्थानात ‘अर्बुद’ या व्याधीचे वर्णन आहे: गोल, स्थिर, फारशी न दुखणारी, मोठी, खोल मूळ धरलेली, सावकाश वाढणारी आणि न पिकणारी मांसाची वाढ. वात, पित्त, कफ, रक्त, मांस आणि मेद असे तिचे सहा प्रकार मानले आहेत. एका अर्बुदावर दुसरे उठले तर त्याला ‘अध्यर्बुद’ असे वेगळे नाव दिले आहे. सूक्ष्मदर्शक नसताना, केवळ डोळा आणि बोट यांच्या बळावर केलेले हे वर्गीकरण आहे. गळू पिकते, अर्बुद पिकत नाही, हा भेद शस्त्र चालवणाऱ्या वैद्याच्या रोजच्या कामाचा होता.

४/
जन्मजात व्यंगाविषयी चरकसंहितेचे शारीरस्थान अधिक व्यापक विचार करते. गर्भ विकृत होण्याची कारणे तेथे अशी दिली आहेत: बीजातील दोष, पूर्वकर्म, गर्भाशयातील दोष, काल आणि मातेचा आहारविहार. बीजाचा जो भाग बिघडतो त्यापासून घडणारा अवयव बिघडतो, असेही चरक सांगतो. याला आजचे जनुकशास्त्र म्हणणे अतिशयोक्ती ठरेल, कारण पडताळणीची साधने त्या काळी नव्हती. तरी लक्षात घेण्याजोगी गोष्ट ही की पाच कारणांच्या या यादीत आईचे वागणे हे केवळ एक कारण आहे, आणि ‘बीज’ या शब्दात पित्याचाही वाटा येतो.

५/
लोकस्मृतीने मात्र या यादीतले शेवटचे कारण तेवढे घट्ट धरून ठेवले. सुश्रुतसंहितेत गर्भिणीला ‘दौहृदिनी’ म्हटले आहे, म्हणजे दोन हृदये असलेली. तिच्या इच्छा पुऱ्या झाल्या नाहीत तर मूल कुबडे, पांगळे, ठेंगणे किंवा डोळ्यांत दोष असलेले होते, असे तेथे म्हटले आहे. आपला ‘डोहाळे’ हा शब्द याच दौहृदापासून आला. डोहाळजेवणाच्या हौसेमागे ही भीतीही दडलेली होती. या विधानात एक माणुसकी आहे, कारण त्यामुळे घरातल्या सुनेला चार दिवस मनासारखे खायला मिळाले. पण मूल सदोष जन्मले की तेच विधान उलटे फिरून तिच्याच अंगावर येत असे.

६/
ग्रहण पाळण्याची चाल घ्या. ग्रहणाच्या वेळी गरोदर बाईने विळीवर भाजी चिरू नये, सुई-दोरा हाती घेऊ नये, नाहीतर मुलाचा ओठ फाटलेला किंवा कान तुटका निघतो, अशी समजूत आजही ठाणे-कल्याणच्या उंच इमारतींत टिकून आहे. फाटलेला ओठ हे गर्भाच्या पहिल्या दोन-अडीच महिन्यांत चेहऱ्याचे भाग नीट न जुळल्याने येणारे व्यंग आहे. विळीचा त्याच्याशी काहीही संबंध नाही. तरीही मूल तसे जन्मले की घरातले पहिला प्रश्न ठरलेला विचारतात: ‘ग्रहणात काही चिरलं होतंस का?’

७/
हा दोष केवळ आपल्या समाजाचा होता असे समजण्याचे कारण नाही. फ्रान्सचा नामांकित शल्यविशारद आंब्रुआझ पारे याने १५७३ मध्ये विकृत जन्मांवर ग्रंथ प्रसिद्ध केला. त्याच्या कारणांच्या यादीत ईश्वराचा कोप आहे, सैतान आहे, बीजाची अधिक-उणी मात्रा आहे, आणि गरोदर आईच्या मनात आलेली कल्पनाही आहे. एखादे चित्र एकटक पाहिले तरी मूल तसे होते, असे तेथील विद्वान शतकानुशतके मानत होते. पुण्यात काय आणि पॅरिसमध्ये काय, आरोपीच्या पिंजऱ्यात उभी राहणारी व्यक्ती एकच होती.

८/
हा पिंजरा मोडायला सुरुवात झाली ती एकोणिसाव्या शतकात. एत्येन जॉफ्रुआ सेंट-हिलेर या फ्रेंच शास्त्रज्ञाने कोंबडीची अंडी उबवताना त्यांच्या स्थितीत मुद्दाम बदल केले आणि आतल्या पिलांत व्यंगे निर्माण होतात का हे पाहिले. विकृतीलाही नियम असतात, ती गर्भाच्या वाढीत आलेल्या अडथळ्यातून घडते, हा विचार त्यातून रुजला. त्याचा मुलगा इझिडोर याने १८३२ पासून प्रसिद्ध केलेल्या ग्रंथात या अभ्यासाला ‘टेराटॉलॉजी’ हे नाव दिले. ग्रीक भाषेत ‘तेरास’ म्हणजे अपशकुन, राक्षसी प्राणी. शास्त्र नवे होते, पण त्याच्या नावात जुनी भीती तशीच राहिली.

९/
गर्भातल्या गर्भाची गोष्टही याच काळातली. जर्मन शरीरशास्त्रज्ञ योहान फ्रीड्रिख मेकेल याने एकोणिसाव्या शतकाच्या आरंभी या अवस्थेचे वर्णन केले. जॉर्ज विल्यम यंग या इंग्रज शल्यविशारदाने १८०८ च्या सुमारास, एका लहान मुलाच्या पोटात सापडलेल्या गर्भाची सविस्तर हकिकत लंडनच्या वैद्यकीय सभेपुढे मांडली. मूल जिवंत असताना पोट फुगत गेलेले सर्वांना दिसत होते; आत काय आहे हे कळले ते मृत्यूनंतर, शवविच्छेदनात. त्या काळी निदान हे बहुधा मृत्यूनंतरच हाती येणारे ज्ञान होते.

१०/
पुढची पायरी सूक्ष्मदर्शकाची. बर्लिनच्या रुडॉल्फ व्हिर्खो याने १८५८ मध्ये मांडले की रोग हा अखेर पेशींचा असतो. १८६० च्या दशकातील गाठींवरच्या व्याख्यानांत त्याने ‘टेराटोमा’ हा शब्द रूढ केला. ही विलक्षण गाठ असते. तिच्यात केस, दात, कातडी, चरबी, कूर्चा, आतड्याचे अस्तर, असे शरीराच्या निरनिराळ्या भागांचे ऊतक एकत्र सापडतात. गर्भाच्या तिन्ही आदिस्तरांपासून बनलेले ऊतक तिच्यात असू शकते, मात्र शरीराची सुसंगत रचना नसते. जणू घराचे सगळे सामान एकाच खोलीत रचून ठेवावे आणि भिंती उभारायच्याच राहाव्यात.

११/
व्हिर्खो बर्लिनमध्ये ही व्याख्याने छापत होता त्याच दशकात, ३१ मार्च १८६५ रोजी, कल्याणच्या जोशी घराण्यात यमुना नावाची मुलगी जन्मली. नवव्या वर्षी टपाल खात्यातील गोपाळराव जोशी यांच्याशी तिचे लग्न झाले आणि ती आनंदीबाई झाली. चौदाव्या वर्षी तिला मुलगा झाला आणि दहा दिवसांत तो दगावला. योग्य वैद्यकीय मदत मिळाली असती तर मूल वाचले असते, ही भावना तिच्या वैद्यकीय शिक्षणाच्या निश्चयामागे होती. ‘तुझंच काहीतरी चुकलं’ हा शेरा ज्या वयात मुली निमूट गिळत, त्या वयात तिने विद्येची वाट धरली.

१२/
२४ फेब्रुवारी १८८३ रोजी श्रीरामपूरच्या (बंगालमधील सेरामपूरच्या) सभेत तिने अमेरिकेला जाण्याची कारणे जाहीरपणे मांडली. हिंदुस्थानात स्त्री डॉक्टरांची नितांत गरज आहे, हे त्यांतले प्रमुख. ११ मार्च १८८६ रोजी फिलाडेल्फियाच्या विमेन्स मेडिकल कॉलेजातून ती पदवीधर झाली. तिच्या प्रबंधाचा विषय होता आर्य हिंदूंमधील प्रसूतिशास्त्र. म्हणजे ज्या परंपरेच्या सावलीत तिचे स्वतःचे बाळंतपण झाले, त्याच परंपरेकडे ती अभ्यासकाच्या नजरेने पाहत होती. २६ फेब्रुवारी १८८७ रोजी क्षयाने तिचा पुण्यात अंत झाला. वय अवघे २१.

१३/
आनंदीबाईला जे काम करायला मिळाले नाही त्यासाठी लागणाऱ्या संस्था मुंबईत हळूहळू उभ्या राहत होत्या. ग्रँट मेडिकल कॉलेज १८४५ मध्ये सुरू झाले होते. परळला सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज आणि केईएम रुग्णालय १९२६ मध्ये आले. २८ फेब्रुवारी १९४१ रोजी टाटा मेमोरियल रुग्णालय उघडले. तेथील प्रयोगशाळांची धुरा डॉ. वसंत रामजी खानोलकर यांच्याकडे आली. १८९५ मध्ये क्वेट्टा येथे जन्मलेले, लंडनला विकृतिशास्त्र शिकून आलेले खानोलकर पुढे भारतीय विकृतिशास्त्राचे जनक म्हणून ओळखले गेले.

१४/
विकृतिशास्त्रज्ञ रुग्णाला क्वचितच भेटतो. त्याच्याकडे येतो तो शरीरातून काढलेला तुकडा. तो फॉर्मालिनमध्ये मुरवायचा, मेणात बसवायचा, केसाहून पातळ काप काढायचे, रंग चढवायचे आणि सूक्ष्मदर्शकाखाली पेशींची ठेवण वाचायची. खानोलकरांनी यात एका प्रश्नाची भर घातली: हा माणूस राहतो कसा? नेसतो काय, खातो काय, ओढतो काय? १९४५ मध्ये त्यांनी आणि बी. सूर्याबाई यांनी भारतीय चालीरीतींशी निगडित अशा कर्करोगाच्या तीन नव्या प्रकारांवर लेख प्रसिद्ध केला. त्यांतला एक होता ‘धोतराचा कर्करोग’.

१५/
कमरेला वर्षानुवर्षे एकाच जागी घट्ट कसलेले धोतर. घर्षणाने कातडीचा रंग उडतो, पापुद्रे सुटतात, जखम होते, ती भरत नाही आणि क्वचित तिथेच कर्करोग उद्भवतो. पाश्चात्त्य पाठ्यपुस्तकांत हा रोग सापडणे शक्यच नव्हते, कारण तिथे धोतर नव्हते. पुढे साडी आणि परकराच्या नाडीखालीही असाच कर्करोग नोंदवला गेला. २०२४ मध्ये वर्ध्याच्या डॉक्टरांनी अशा एका वृद्धेची केस आंतरराष्ट्रीय नियतकालिकात प्रसिद्ध केली. उपायही साधा होता: नाडी सैल बांधा, जागा बदला. कारण नेमके कळले की दैवाला बोल लावायची गरज उरत नाही, हे या दुर्मीळ गाठीने आपल्याकडे दाखवून दिले.

१६/
आता पुन्हा गर्भातल्या गर्भाकडे वळू. मुख्य वाद असा होता: पोटातली ही गाठ म्हणजे जुळे भावंड की अतिप्रगत टेराटोमा? पहिले मत सांगते की एकाच फलित अंड्यापासून एकसारखी जुळी घडताना विभाजन असमान झाले, आणि दुबळा गर्भ सबळ गर्भाच्या शरीरात वेढला गेला. त्याच्याच रक्तावर तो अर्धवट वाढत राहिला. दुसरे मत सांगते की ही एक गाठच आहे, फक्त तिच्यातील ऊतकांनी असामान्य सुसंगती साधली आहे.

१७/
१९५० च्या दशकात विकृतिशास्त्रज्ञ रूपर्ट विलिस याने एक कसोटी पुढे ठेवली: पाठीचा कणा. गर्भाचा अक्ष ठरल्याशिवाय, म्हणजे डोके कुठे आणि शेपटाकडचे टोक कुठे हे निश्चित झाल्याशिवाय, मणके बनत नाहीत. म्हणून गाठीत मणके आणि त्यांच्याभोवती अवयवांची मांडणी आढळली तर एकेकाळी तेथे स्वतंत्र गर्भ होता, असे मानायचे. केस आणि दात यांवरून ते सिद्ध होत नाही. पुढे मणके न आढळलेल्या काही केसही याच नावाखाली नोंदवल्या गेल्या, त्यामुळे वाद पूर्णपणे मिटलेला नाही. पण चर्चेला मोजता-पाहता येईल असा आधार मिळाला.

१८/
हा काथ्याकूट केवळ नावासाठी नव्हता. गर्भातला गर्भ बहुतेक वेळा निरुपद्रवी असतो. तो आजूबाजूचे अवयव दाबतो म्हणून काढावा लागतो. टेराटोमात मात्र अपक्व किंवा कर्करोगी पेशी लपलेल्या असू शकतात. म्हणून गाठ अखंड काढणे, तिच्या निरनिराळ्या भागांचे काप तपासणे आणि पुढे काही काळ बाळाच्या रक्तातील ‘अल्फा फीटोप्रोटीन’ची पातळी पाहत राहणे आवश्यक ठरते. नाव बरोबर असेल तर पुढची वाट बरोबर ठरते. चुकीच्या नावाची किंमत बाळाला मोजावी लागते.

१९/
उरली अडचण वेळेची. पोट न उघडता आत कसे पाहायचे? रंटगेन याने १८९५ मध्ये क्ष-किरण शोधले, त्यामुळे हाडे दिसू लागली. पण गर्भावर हे किरण सोडणे धोक्याचे. उत्तर आले ते ग्लासगोहून. इयान डोनाल्ड या प्रसूतितज्ज्ञाने कारखान्यात धातूतले दोष शोधणाऱ्या ध्वनियंत्राचा उपयोग मानवी पोटावर केला. १९५८ मध्ये ‘लॅन्सेट’मध्ये आलेल्या त्याच्या लेखाचा विषय पोटातील गाठींची तपासणी हाच होता. असाध्य कर्करोग ठरवलेल्या एका स्त्रीच्या पोटात प्रत्यक्षात बीजांडकोशाची साधी, काढता येण्याजोगी गाठ असल्याचे या ध्वनिलहरींनी दाखवले. ती स्त्री वाचली.

२०/
महाराष्ट्रातल्या तीन केस शेजारी ठेवून पाहा. १९९९ मध्ये नागपूरकडच्या एका पुरुषाचे पोट फुगून त्याला श्वास घेणे अवघड झाले. गाठ समजून मुंबईत शस्त्रक्रिया झाली आणि छत्तिसाव्या वर्षी त्याच्या पोटातून हातापायांचे अवशेष निघाले. २०१७ मध्ये मुंब्र्याच्या बाळाची गाठ जन्माआधी दिसली. जानेवारी २०२५ मध्ये बुलढाण्याच्या शासकीय रुग्णालयात एका गर्भवतीच्या तपासणीत हेच निदान झाले आणि जन्मानंतर बाळावर अमरावतीत शस्त्रक्रिया झाली. लंडनमध्ये जे शवविच्छेदनात कळले होते, ते दोनशे वर्षांनी जिल्ह्याच्या ठिकाणी जन्माआधी कळू लागले.

२१/
मात्र हा इतिहास सरळ प्रगतीचा नाही. ज्या यंत्राने गर्भाचे व्यंग दिसते त्यानेच गर्भाचे लिंगही दिसते. १९८० च्या दशकात मुंबई आणि परिसरात गर्भलिंगनिदान करून मुलींचे गर्भ पाडण्याचा बाजार मांडला गेला. त्याविरुद्ध चळवळ उभी राहिली आणि १९८८ मध्ये महाराष्ट्राने देशातला पहिला गर्भलिंगनिदानविरोधी कायदा केला. केंद्राचा कायदा १९९४ चा. आईवरचा आळ इथेही सुटला नव्हता; ‘मुलगीच का?’ असा त्याचा चेहरा तेवढा बदलला होता. मुलाचे लिंग पित्याच्या बीजावर ठरते हे विज्ञानाने केव्हाच सांगितले होते.

२२/
दुसरा पेच कायद्याचा. गंभीर व्यंग उशिरा कळले तर काय करायचे? २००८ मध्ये ठाणे जिल्ह्यातल्या एका दाम्पत्याने मुंबई उच्च न्यायालयात दाद मागितली. गर्भाच्या हृदयात दोष असल्याचे त्यांना उशिरा समजले होते आणि तेव्हाच्या कायद्यानुसार वीस आठवड्यांची मर्यादा उलटली होती. न्यायालयाने परवानगी नाकारली, पण प्रश्न देशभर चर्चिला गेला. २०२१ च्या दुरुस्तीने ठरावीक गटांतील स्त्रियांसाठी मर्यादा चोवीस आठवडे केली आणि वैद्यकीय मंडळाने गंभीर व्यंगाचे निदान केल्यास ती मर्यादा लागू राहिली नाही. मधे तेरा वर्षे गेली. यंत्र लवकर पाहायला शिकले. कायद्याला त्याच्यामागे यायला वेळ लागला.

२३/
‘निदान’ हा शब्द यासाठी न्याहाळण्याजोगा आहे. संस्कृतात त्याचा अर्थ मूळ कारण. आयुर्वेदाने तो रोगाची ओळख या अर्थानेही वापरला. मराठीत त्याला आणखी एक अर्थ चिकटला: किमान, कमीत कमी. कारण सांगा, रोग ओळखा, आणि निदान एवढे तरी करा की नसलेले कारण कुणाच्या गळ्यात बांधू नका. दौहृदापासून ग्रहणापर्यंत आणि पारेपासून परळच्या प्रयोगशाळेपर्यंतचा हा सारा प्रवास या एका शब्दात मावतो.

२४/
आजही अनेक जन्मजात व्यंगांचे निश्चित कारण सांगता येत नाही. काही टाळता येतात: फॉलिक आम्लाच्या गोळ्या गर्भधारणेच्या आधीपासून घेतल्या तर पाठीच्या कण्याची काही व्यंगे पुष्कळ प्रमाणात कमी होतात. काहींवर उत्तम शस्त्रक्रिया आहे. फाटलेला ओठ शिवता येतो. गर्भातला गर्भ मात्र कुणाच्याही खाण्यापिण्याने, चिरण्याने किंवा पाहण्याने होत नाही. पेशींच्या विभाजनातली ती फार दुर्मीळ घटना आहे.

२५/
ग्रहण पाळायचे की नाही हे ज्याचे त्याने ठरवावे. पण तुमच्या घरात, चाळीत, सोसायटीत एखादे बाळ व्यंग घेऊन जन्मले आणि कुणी त्याच्या आईला ‘तू काय केलं होतंस?’ असे विचारले, तर तिथे गप्प बसू नका. बाळाची तपासणी झाली का, डॉक्टर काय म्हणाले, पुढे कधी बोलावले आहे, हे विचारा. कल्याणच्या एका चौदा वर्षांच्या आईला जे विचारणारे कुणी भेटले नाही, ते विचारणे आता आपल्या हातात आहे.